पूर पूर्वेकडून येतो

गेल्या वेळी अरबी समुद्रात वादळ उठलं तेव्हा पुण्याहून मावसभावाचा फोन आला होता. टीव्हीवरच्या नकाशात एक लाल बाण थेट गुजरातेत घुसलेला. "दादा, तुम्ही तर गुजरातला चिकटूनच आहात. जपून राहा रे!" नंदुरबारात तेव्हा इतकं रखरखीत ऊन होतं की आई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. फोन ठेवल्यावर आम्ही हसलो. पण नंतर वाटलं, हसण्यासारखं काही नाही. आपल्या सगळ्यांचंच लक्ष चुकीच्या दिशेला असतं.

समुद्र आम्हाला पश्चिमेला जवळ आहे. पूर मात्र पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतं आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश करत पश्चिमेकडे सरकत राहतं. पावसाळ्यात अशा क्षेत्राच्या नैऋत्य अंगाला सगळ्यात जास्त पाऊस पडतो. ते मध्य प्रदेशावर आलं की त्याच्या नैऋत्येला कोण? तापीचं खोरं, म्हणजे आम्ही. शिवाय ते अरबी समुद्रावरचं बाष्पही आपल्याकडे ओढून घेतं. ते ढग सातपुड्यावर आणि नवापूरच्या डोंगरांवर येऊन आदळतात. या सगळ्याला चक्रीवादळाचं नावबिव मिळत नाही, त्यामुळे टीव्हीवर बाणही नाही आणि पुण्याहून फोनही नाही!

तापीचं एक बरं आहे, ती सांगून येते. भुसावळजवळच्या हतनूरचे दरवाजे उघडले की सारंगखेडा, प्रकाशा इथे पाणी यायला वेळ लागतो. नदीकाठची गावं सावध होतात, गुरं हलवतात. अर्थात सांगून येणारं पाणीही बुडवतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरत पाण्याखाली गेली. तेही पाणी आमच्याच खोऱ्यात पडलेलं. सुरतेत खानदेशातली किती माणसं आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमचे काका तेव्हा उधन्यात होते. कुटुंबासह शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर बसून त्यांनी दिवस काढले. तो किस्सा घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा इथे पुन्हा नको.

मला बोलायचंय ते छोट्या नद्यांबद्दल. रंगावली, सरपणी. उन्हाळ्यात यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात.

१६ ऑगस्ट २०१८ ची संध्याकाळ. नागपंचमी आदल्याच दिवशी झालेली. टीव्हीवर वाजपेयींच्या निधनाची बातमी, सगळं घर तिथेच. बाहेर पाऊस होता, पण श्रावणात पाऊस असणारच. ओडिशावरून निघालेलं एक क्षेत्र तोवर मध्य भारतात आलं होतं. त्या रात्री नवापूर तालुक्यात जे कोसळलं, त्याने पहाटेपर्यंत रंगावली आणि सरपणी दोन्ही घरांत शिरल्या. माणसं गेली, घरं वाहून गेली, गुरांची तर गणतीच नाही.

माझी फुई (पुण्याच्या मंडळींनी आत्या वाचावं) विसरवाडीजवळ राहते. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा ती जागी झाली. दोन नातवंडं उचलून शाळेच्या ओट्यावर नेली. परत फिरेपर्यंत गोठ्यात पाणी छातीएवढं. दोन म्हशी दाव्यालाच राहिल्या. ती आजही म्हणते, "दावं सोडायला एवढीशी सवड हवी होती रे."

ती सवड मिळू शकली असती, असं माझं ठाम मत आहे. कोणत्या ओढ्याला किती वाजता पूर येईल हे दोन दिवस आधी कोणीच सांगू शकणार नाही, आणि त्यासाठी हवामान खात्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण डोंगरात दोन तास ढगफुटीसारखा पाऊस होतोय, ही बातमी खालच्या गावाला पोचवायला विज्ञान लागत नाही, फोन लागतो.

आपल्याकडे पाऊस मोजतात तो मुख्यतः कशासाठी? मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. आता हाच ६५ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर कापसाला थोडा त्रास, फार काही नाही. तोच दोन तासांत डोंगरावर पडला तर सरपणी घरात. सकाळी घेतलेल्या आकड्यात हा फरक दिसतच नाही. आता मंडळात स्वयंचलित केंद्रंही आली आहेत, त्यांना दर तासाचा पाऊस कळतो. पण फुईला तो कोण सांगणार? मोबाइलवर संदेश येतो तो अख्ख्या जिल्ह्याचा : 'तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार.' शहाद्यात ऊन असतं, धडगावात धुकं असतं, आणि संदेश सगळ्यांना तोच. चार वेळा काही झालं नाही की पाचव्या वेळी कोण वाचतो? संदेशात नदीचं नाव हवं. भिली, मावची, पावरी बोलणाऱ्या माणसाला तो त्याच्या बोलीत, भोंग्यावरून ऐकू यायला हवा. धरणाला भोंगा असतो, ओढ्याला का नसावा?

(पात्रात घरं कोणी बांधली, असं विचारणारी एक प्रतिक्रिया येणारच. खरं आहे, बांधली. पण रात्री दोन वाजता त्याचा काय उपयोग?)

फुईने तिच्यापुरती सोय करून टाकली आहे. तिची लेक वरच्या अंगाला, डोंगराजवळच्या गावात दिली आहे. श्रावण-भादव्यात रात्री झोपण्याआधी फुई तिला फोन लावते. ख्यालीखुशाली नंतर, पहिला प्रश्न ठरलेला : "पानी कितला पडी ऱ्हायना वं?" लेकीने जास्त म्हटलं की फुई उठते, गोठ्यात जाते आणि म्हशी मोकळ्या सोडून येते. मागच्या वर्षी अशा सहा रात्री झाल्या. पाणी एकदाही आलं नाही. सहाही वेळा सकाळी म्हशी शोधत जावईबापूंना अर्धं शिवार पालथं घालावं लागलं, आणि ते अजून कुरकुरतात.