दंडाची वही आपणच उघडावी

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा सौदा झाला की त्याची नोंद त्याच दिवशी वहीत पडते. कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे, हे पेढी बंद होण्यापूर्वी घरच्या कर्त्याला ठाऊक असते. धनको दारात येण्याआधी देणे चुकते करावे, ही व्यापारी घराण्यांची जुनी रीत. त्या रीतीवरच पत उभी असते.

सरकारी दंड हे मात्र निराळ्या जातीचे देणे आहे. त्याचा धनको दारात येत नाही आणि तगाद्याची चिठ्ठीही नेहमी पोहोचतेच असे नाही. चौकातल्या कॅमेऱ्याने गाडीचे छायाचित्र टिपले, किंवा परदेशातील निवासाच्या परवान्याची मुदत उलटली, की दंडाची रक्कम एका संगणकीय नोंदीत जाऊन बसते. ज्याच्या नावावर ती बसली, त्याला अनेकदा गाडी विकताना, परवान्याचे नूतनीकरण करताना किंवा विमानतळावर उभे राहिल्यावरच तिचा पत्ता लागतो. घरातील एखादी व्यक्ती परदेशी असेल तर अशा वह्या दोन होतात, एक इथली आणि एक तिथली. म्हणून या दोन्ही वह्या घरबसल्या कशा पाहाव्यात, हे कुटुंबातील निदान दोघांना तरी ठाऊक असणे आवश्यक आहे.

नमुन्यादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. थोरला मुलगा वडिलांसोबत आडतीवर बसतो. धाकटा पत्नी व लहान मुलासह दुबईत नोकरीला आहे. जाताना त्याने आपल्या नावावरची स्कूटर आणि मोटार घरीच ठेवली. दोन्ही गाड्यांच्या पाटीवर हिंगोलीचा एमएच 38 हा क्रमांक. नोंदणीत दिलेला मोबाइल क्रमांक मात्र धाकट्याचा जुना, जो परदेशी गेल्यावर बंद पडला. घरात गाडी सर्वांची; चुलतभाऊ नेतो, दुकानातील मुनीम नेतो, कधी नववीतला पुतण्याही शिकवणीला घेऊन जातो. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या गाडीचे चलान निघते आणि त्याचा संदेश बंद पडलेल्या क्रमांकावर जातो. घरातील कोणालाही काही कळत नाही.

महाराष्ट्रातील वाहनाचे ई-चलान पाहण्यास दोन सरकारी दरवाजे आहेत. एक राज्याच्या वाहतूक पोलिसांचे ‘महाट्रॅफिक ई-चलान’ संकेतस्थळ व त्याचे अ‍ॅप, आणि दुसरे केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ सेवेतील ई-चलानाचे पान. राज्याच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरले की प्रलंबित चलाने समोर येतात. हे अंक नोंदणी पुस्तिकेवर छापलेले असतात. तेथे चलानाची तारीख, ठिकाण, नियमभंगाचे कारण, रक्कम आणि बहुधा छायाचित्रही दिसते. छायाचित्र नीट न्याहाळावे. पाटीवरील एखादा अंक चुकीचा वाचल्याने दुसऱ्याच्या गाडीचा दंड आपल्या नावावर पडू शकतो. तसे आढळल्यास पैसे न भरता तक्रारीची नोंद करावी; तशी सोय तेथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली समाविष्ट झालेल्या 167 अ या तरतुदीनुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधाची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवावयाची असते. परंतु सूचना मिळण्यासाठी नोंदणीतील पत्ता व मोबाइल क्रमांक चालू हवा. म्हणून परदेशी जाणाऱ्याने आपल्या वाहनांच्या नोंदीत घरातील जबाबदार व्यक्तीचा क्रमांक घालून ठेवावा. ही लहानशी दुरुस्ती पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचविते.

येथे रकमेहूनही मोठा प्रश्न नावाचा आहे. स्कूटर कोणी चालविली, हे नंतर विचारले जाते. ती कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहिले जाते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील 199 अ हे कलम यासाठी प्रत्येक घरात माहीत असावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कारावास, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण योग्य काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या मोठ्या माणसावरच असते. दुबईत कचेरीत बसलेल्या काकाला पुतण्याची ही शिकवणीची फेरी किती महाग पडू शकेल, याचा विचार स्कूटरची किल्ली हाती देताना घरातील थोरांनी करावयाचा असतो.

विकलेल्या गाडीचेही तसेच. ओळखीच्या गिऱ्हाईकाला गाडी देऊन टाकली, पैसे मिळाले, कागद पुढे कधीतरी करू, असे पुष्कळांकडून होते. कायद्याने विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांच्या आत हस्तांतरणाची खबर द्यावयाची असते. ती दिली नाही तर नवी चलाने जुन्या मालकाच्या नावावरच साचत राहतात. अपघात झाल्यास तर प्रकरण दंडावर थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईच्या दृष्टीने मालक, असे स्पष्ट केले. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. शब्दावर झालेला सौदा पेढीवर चालेल, परिवहन कार्यालयात चालत नाही.

आता तिथली वही. संयुक्त अरब अमिरातीत वाहतुकीचा दंड पाहण्यासाठी दुबई पोलिसांचे संकेतस्थळ व अ‍ॅप आहे, तसेच तेथील गृह मंत्रालयाचेही आहे. गाडीच्या पाटीचा क्रमांक, चालक परवान्याचा क्रमांक किंवा वाहतूक फाईलचा क्रमांक यांपैकी काहीही देऊन चौकशी करता येते. पाटीच्या क्रमांकाबरोबर ती कोणत्या अमिरातीची व कोणत्या संकेताची, हेही अचूक भरावे लागते. रकमा लहान नाहीत. लाल दिवा ओलांडल्यास 1,000 दिरहम, गाडी चालविताना हाती मोबाइल धरल्यास 800 आणि आसनपट्टा न लावल्यास 400 दिरहम. शिवाय नुसते पैसे भरून सुटका होत नाही. नियमभंगाबरोबर काळे गुण चढतात, लाल दिव्याचे 12 आणि मोबाइलचे 4. वर्षभरात 24 गुण झाले की परवाना निलंबित होतो. वाहन नोंदणीचे वार्षिक नूतनीकरणही थकलेला दंड फेडल्याखेरीज होत नाही. भाड्याच्या मोटारीचा दंड आधी भाडे कंपनीकडे जातो आणि गाडी परत केल्यानंतर केव्हातरी ग्राहकाच्या कार्डावर पडतो. म्हणून सुटीत तेथे गेलेल्या आई-वडिलांना फिरविण्यासाठी अशी मोटार घेतली असेल, तर ती परत करण्यापूर्वीच तिच्या पाटीची चौकशी करून घ्यावी.

निवासाचा दंड याहून अधिक जपण्याचा आहे, कारण तो दिवसागणिक वाढतो. मुदतीबाहेर राहिल्यास दररोज 50 दिरहम असा दर तेथे आहे. व्यापाऱ्याला हिशेब सांगावा लागत नाही: 40 दिवसांचे 2,000 दिरहम, आणि तेही एका माणसाचे. पत्नी व मुलांचा परवाना बहुधा पतीच्या परवान्यावर टेकलेला असतो. त्याची नोकरी सुटली व परवाना रद्द झाला की सवलतीच्या मुदतीनंतर सर्वांच्या नावावर दंड चालू होतो. तेथे जन्मलेल्या बाळाचा निवासी परवाना 120 दिवसांच्या आत घ्यावा लागतो. अमिराती ओळखपत्राची मुदत संपल्यावर 30 दिवस उलटले की दररोज 20 दिरहम, कमाल 1,000 दिरहम, हा आणखी एक निराळा दंड.

ही नोंद पाहताना कोणता दरवाजा ठोठवावा, याचा गोंधळ अनेकांचा होतो. दुबईने दिलेला परवाना असेल तर तेथील निवास व परदेशी नागरिक महासंचालनालयाकडे, इतर अमिरातींचा असेल तर संघराज्याच्या ओळख व नागरिकत्व प्राधिकरणाकडे पाहावे. परवान्याच्या फाईल क्रमांकाचे पहिले तीन अंक वाट दाखवितात. 101 म्हणजे अबू धाबी, 201 म्हणजे दुबई, 301 म्हणजे शारजा. पारपत्राचा क्रमांक, राष्ट्रीयत्व व जन्मतारीखही जवळ ठेवावी.

पुन्हा त्या कुटुंबाकडे वळावे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो. धाकटा पहिल्या विमानाने हैदराबादला उतरतो आणि तेथून घरी पोहोचतो. औषधपाणी, व्यायाम, दवाखाना यांत महिने निघून जातात. पाचव्या महिन्यात थोरला एका रात्री विचारतो, “अरे, तुझ्या तिकडच्या कागदांचं काय?” धाकटा म्हणतो, “दादा, परवाना अजून वर्षभर आहे. काळजी नको.” येथेच चूक होते. परवान्यावरची तारीख पुढची असली, तरी सर्वसाधारण निवासी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ अमिरातीच्या बाहेर राहिला, तर तो परवाना निकामी ठरतो. तसे झालेच तर आजारपणासारखे सबळ कारण व त्याचे कागद जोडून परतीच्या परवानगीसाठी बाहेरूनच ऑनलाइन अर्ज करता येतो. मात्र वाढीव काळाचा दंड भरावा लागतो आणि परवानगी मिळेलच याची हमी नसते. थोरल्याने त्या रात्री केवळ विचारून न थांबता दोघांनी मिळून नोंद पाहिली असती, तर धाकट्याला चार दिवस दुबईला जाऊन परत वडिलांच्या उशाशी येता आले असते. वडिलांची सेवा आणि मुलाची नोकरी यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी घरावर येऊ नये, म्हणून ही तपासणी.

दंड थकला म्हणून लपून राहणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. थकबाकी लपविल्याने मिटत नाही, फक्त व्याजासारखी वाढते. अमिरातीने 1 सप्टेंबर 2024 पासून मुदतबाह्य निवाशांसाठी माफीची योजना जाहीर केली, तिची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2024 पर्यंत नेली आणि त्या काळात दंड न भरता देश सोडण्याची किंवा कागद नीट करून घेण्याची संधी दिली. दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासानेही त्या काळात आपल्या नागरिकांना साहाय्य केले. परंतु माफी ही रोजची गोष्ट नव्हे. ती येईल म्हणून थांबणारा दररोज 50 दिरहमांचा खड्डा खणत असतो. आपल्या नावावर काय आहे हे ज्याला वेळीच कळते, त्याला मालकाशी बोलता येते, दूतावासाकडे जाता येते, हप्त्यांची वा सवलतीची विचारणा करता येते. अबू धाबीत वाहतुकीचा दंड 60 दिवसांच्या आत भरल्यास 35 टक्के सूट मिळते, ती केवळ वेळेवर पाहणाऱ्यालाच.

एक सावधगिरी मात्र सर्वांत आधी. दंड आपण होऊन पाहावयाचा असतो, आलेल्या दुव्यावरून नव्हे. “आपल्या वाहनाचे चलान निघाले आहे, खालील फाईल उघडा” असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि त्याखाली ‘एपीके’ फाईल, हा फसवणुकीचा प्रकार राज्यात सर्वत्र पसरला आहे. ती फाईल फोनमध्ये उतरविली की बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जातात. सरकार अशी फाईल पाठवून दंड वसूल करीत नाही. भारतातील सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते, अमिरातीतील सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट एई’. पत्ता स्वतः टंकित करावा. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीचा उपयोग सर्वाधिक होतो.

दिवाळीत नवी वही उघडताना जुन्या वहीतील येणे-देणे निरखण्याचा प्रघात घरोघरी आहे. त्याच दिवशी घरातील प्रत्येक वाहनाचा क्रमांक एकदा संकेतस्थळावर घालून पाहावा. परदेशी असलेल्या लेकाने किंवा लेकीने आपली व कुटुंबाची निवासाची नोंद पाहून तिच्या तारखा घरी कळवाव्यात आणि त्या तारखा पेढीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात. गाडी विकण्यापूर्वी, नोकरी बदलण्यापूर्वी आणि प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावे. भरलेल्या प्रत्येक दंडाची पावती जपून ठेवावी. या साऱ्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. आणि घरातून निरोप आला की परदेशातील मूल त्याच रात्री निघू शकते.