परळचा इलाज जिल्ह्याला हवा

कृषी खात्याचा माणूस पीकपाणी सोडून आज क्षयरोगावर का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. पण शिवारात फिरताना “टीबीचा कोर्स पुरा झालाय, तरी मधूनच खोकल्यातून रक्त पडतं” असे सांगणारे भेटतात. “उष्णता झाली” म्हणून सब्जाचे पाणी पितात आणि दुखणे अंगावर काढतात. हे बरोबर नाही.

क्षयाने फुप्फुसात पोकळी पडते. औषधाने जंतू मेले तरी पोकळी राहू शकते. तिच्या कडेने जाणाऱ्या रक्तवाहिनीची भिंत रोगाने पोखरली, की तिथे फुगा धरतो. खेकड्याने पोखरलेला बांध कसा फुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. १८६८ साली डेन्मार्कच्या रासमुसेन नावाच्या डॉक्टरांनी या फुग्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. फुगा फुटला तर रोगी बहुधा रक्त कमी पडून नव्हे, श्वासनळीत रक्त भरून गुदमरून जातो. क्षयातले बरेचसे रक्त दुसऱ्या, श्वासनलिकांच्या रक्तवाहिन्यांतून येते. त्या बंद करूनही रक्त थांबले नाही, तर हा फुगा शोधावा लागतो.

पूर्वी यावर छाती उघडून फुप्फुसाचा भाग काढत. क्षयाने खंगलेल्या माणसाला ते कुठले सोसणार? आता परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात हे काम नळीने होते. सीटी स्कॅनवर फुगा हेरतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयातून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत नेतात आणि तारेची वेटोळी सोडून ती वाट बुजवतात. ठिबकच्या गळक्या नळीला आपण बूच मारतो, तसेच. बहुधा जांघेपुरती भूल पुरते. अर्थात क्षय याने बरा होत नाही. गोळ्या चालू असतील तर त्या पुऱ्या कराव्याच लागतात.

आता खरा मुद्दा. केईएम १९२६ पासून गोरगरिबांना आधार देत आहे, पण आपल्या भागातून परळ म्हणजे रात्रभराचा प्रवास. पूर्वी गिरणगावात गावकीची खोली असायची, पथारीची सोय व्हायची. गिरण्या गेल्या, खोल्याही बऱ्याच गेल्या. नातेवाईक फुटपाथवर झोपतात. आणि फुटलेली रक्तवाहिनी एसटीची वाट पाहत नाही. हृदयाची अँजिओग्राफी जिथे होते, त्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या कामाचा शिकलेला रेडिओलॉजिस्ट नेमायला काय हरकत आहे? यंत्र आहे, माणूस द्या, एवढेच मागणे आहे. सरपंचांनी ग्रामसभेत तसा ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावा. रस्त्या-गटारांचे ठराव होतात, हाही होऊ द्या.

तोवर ग्रामसेवक आणि आशाताईंनी गावात क्षय होऊन गेलेल्यांना एवढे सांगून ठेवावे: थुंकीत थोडे जरी रक्त दिसले तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जास्त पडले तर १०८ ला फोन करा, मोटारसायकलवर बसवून नेऊ नका. कोणत्या बाजूच्या फुप्फुसातून रक्त येते हे ठाऊक असेल, तर रोग्याला त्याच कुशीवर निजवा, म्हणजे चांगले फुप्फुस रक्ताने भरणार नाही. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जुने एक्स-रे घरात पत्र्याखाली खोचलेले असतात, तेही न्या.