घरातली एकाधिकार खरेदी



एकाधिकार खरेदीचा काळ आठवा. कापूस आपल्या रानात पिकायचा, पण घालायचा सरकारलाच. भाव सरकार ठरवणार, चुकारा सरकारच्या सवडीने. राज्याबाहेर गाडी नेली तर पोलिस आडवे. याला आपण गुलामी म्हटले आणि रस्त्यावर उतरलो.

आता आपल्या घरात पाहू. कापूस वेचायला बाई, ज्वारी खुरपायला बाई. पण मानवतच्या बाजारात पट्टी नवऱ्याच्या हातात. चार पैसे मागितले तर हिशेब. माहेरी जायला परवानगी. शेजारी बोलली तर संशय. मग एक दिवस हात उठतो. आपण म्हणतो, दारूने उठला. पण न पिणाराही मारतो. आणि पिणारा सावकाराला मारत नाही, बायकोलाच मारतो. कारण ही जाणार कुठे? जमीन त्याची, घर त्याचे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांनी आपले दुःख उघड मांडले. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला : नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करायची. सरकारनेही १९९२ मध्ये सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्याची योजना काढली.

याने मार थांबतो का? बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावे जमीन नाही, घर नाही, अशा शंभरातल्या ४९ जणींनी संसारात मार सोसला होता. जमीन असलेल्यांत १८, घर असलेल्यांत १०, दोन्ही असलेल्यांत ७. केरळ म्हणजे परभणी नव्हे. पण जायला जागा असलेल्या बाईवर हात उचलताना माणूस विचार करतो, हे इथेही खरे आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मारहाणीबरोबर शिवीगाळ आणि पैशाची अडवणूक यांनाही हिंसा म्हटले आहे. घर नवऱ्याच्या नावे असले तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ वर फोन करता येतो.

पण कायद्याची वाट कशाला पाहायची? पुढच्या बैठकीला येताना सातबारा घेऊन या. त्यावर तिचे नाव आहे का, ते सर्वांसमोर वाचू. आणि नाव लावून पासबुक आपल्याच खिशात ठेवले, तर ती मुक्ती नव्हे. सरकारकडे घामाचे दाम मागणाऱ्याने आधी घरातली थकबाकी चुकती करावी.