ट्रकची वेळ गोदामाच्या दारात ठरवा

घोडबंदर रस्त्यावर दिवसा अवजड वाहने बंद करा, या मागणीला ठाण्यात फारसा विरोध उरलेला नाही. सत्ताधारी काय, विरोधक काय, गृहसंकुलांच्या समित्या काय, सगळ्यांचा सूर एकच. इतके एकमत असले की मागणी तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही, म्हणून ते इथे घेऊ. माझे म्हणणे असे की, नुसत्या बंदीने कोंडी जागा बदलते, संपत नाही. ट्रक किती वाजता रस्त्यावर यायचा हे चालकाच्या हातात नसते आणि वाहतूक पोलिसाच्याही नसते. ते बंदराच्या आणि गोदामाच्या फाटकावर ठरते. तिथे शिस्त लावायचे सोडून आपण ती रस्त्याच्या तोंडाशी, कापूरबावडीच्या नाक्यावर लावू पाहतो. या चुकीची किंमत पुढच्या काळात सर्वाधिक खाडीकाठच्या कोलशेतला मोजावी लागेल, अशी चिन्हे आहेत.

आधी भूगोल पाहू. ठाण्याचा उत्तर भाग ही येऊरचे डोंगर आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला उल्हासचे पाणी वसईकडे नेणारी खाडी. या पट्टीतून माजिवड्याहून फाउंटन हॉटेलपर्यंत गेलेला घोडबंदर रस्ता नाशिक महामार्गाला अहमदाबाद महामार्गाशी जोडतो. खाडी ओलांडायची तर अलीकडे बाळकुमजवळचा कशेळीचा पूल किंवा थेट पलीकडच्या टोकाचा वर्सोवा पूल. मध्ये वाहनांसाठी वाट नाही. त्यामुळे उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर, भिवंडीच्या गोदामातून वसईला निघालेला ट्रक आणि कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठू पाहणारा नोकरदार हे तिघे एकाच डांबरावर येतात. २०२४-२५ या वर्षात त्या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेला माल हाताळला. त्यातला मोठा हिस्सा रस्त्यानेच पुढे जातो. त्यात मेट्रो ४ च्या कामाने अनेक वर्षे मधल्या मार्गिका अडवून ठेवल्या आणि याच रस्त्यावरचा गायमुखचा घाट दर पावसाळ्यानंतर दुरुस्तीला निघत राहिला.

कोलशेत या पट्टीच्या खाडीकडच्या कडेला आहे. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बायरचा आणि सॅन्डोझचा, म्हणजे पुढच्या क्लॅरियंटचा, असे रासायनिक कारखाने होते. गेल्या दशकाच्या पूर्वार्धात बायरची जमीन कल्पतरूने सुमारे १,२५० कोटी रुपयांना आणि क्लॅरियंटची लोढा समूहाने सुमारे १,१५४ कोटींना घेतली. जिथे पाळीचे भोंगे वाजत होते तिथे मनोरे उभे राहिले आणि मुंबईतून, डोंबिवलीतून, परगावांहून हजारो कुटुंबे राहायला आली. ढोकाळीवरून येणारा कोलशेत रस्ता मात्र जागच्या जागी राहिला. घोडबंदर तुंबला की चालक या आतल्या रस्त्याचा आधार शोधतात आणि कोंडी वस्तीत शिरते.

या रहिवाशांना दिसणारा ट्रक एक असला तरी तो तीन प्रकारचा आहे, आणि बंदीची भाषा हा फरक पुसून टाकते. पहिला पारगामी: त्याचे ठाण्यात काहीच काम नाही, त्याला फक्त पलीकडे जायचे आहे. दुसरा भिवंडीच्या गोदामांचा. मुंबईची जकात चुकवण्यासाठी हद्दीबाहेर, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे या भागात वाढलेली ही गोदामे २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर आणखी मोठी झाली, कारण व्यापाऱ्याला आता राज्याराज्यांत लहान कोठारे ठेवण्याची गरज उरली नाही. तिसरा ट्रक आपलाच आहे: नव्या इमारतींना काँक्रीट नेणारा मिक्सर, खोदाईची माती वाहणारा डंपर आणि नळाला पाणी कमी पडते म्हणून सोसायटीने मागवलेला टँकर. पहिल्याला दुसरा रस्ता हवा, दुसऱ्याला ठरलेली वेळ हवी. तिसऱ्याच्या बाबतीत इलाज बांधकाम परवानगीच्या अटींत आणि पाणीपुरवठ्यात आहे. मिक्सरमधले काँक्रीट साधारण दोन तासांत ओतावे लागते, ते मध्यरात्रीची वाट पाहत उभे राहू शकत नाही. तिघांवर एकच अधिसूचना काढली की ती कोणालाच नीट लागू पडत नाही.

बंदीचा अनुभव काय सांगतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली ठाण्यात असे निर्बंध वर्षानुवर्षे आहेत: दुपारी काही तास आणि रात्री दहानंतर मुभा, एरवी मनाई. त्यातून ट्रक नाहीसे झाले नाहीत. ते नाशिक महामार्गाच्या कडेला, खारेगाव-माणकोलीच्या आसपास रांगा लावून थांबायला शिकले आणि मुभेची वेळ झाली की एकदम सुटायला लागले. गायमुखच्या दुरुस्तीसाठी रस्ता बंद होतो तेव्हा त्यांना कशेळी किंवा माणकोलीवरून अंजूरफाटा, कामण, चिंचोटी असे वळवतात, म्हणजे ठाणेकराची सुटका भिवंडी आणि वसईच्या गावकऱ्याच्या दारात नेऊन टाकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच दुरुस्तीच्या दिवसांत वसईजवळ अहमदाबाद महामार्ग असा तुंबला की, बाहेरगावाहून परतणाऱ्या शेकडो शाळकरी मुलांच्या बस तासन् तास त्यात अडकून पडल्या.  फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो, एवढाच या नियोजनाचा हिशेब आहे.

मग वेळ लावायची कुठे? अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथल्या टर्मिनलचालकांनी २००५ मध्ये दिवसा ने-आण होणाऱ्या कंटेनरवर मालाच्या धन्याकडून जादा शुल्क घ्यायला सुरुवात केली, रात्री ते माफ केले आणि त्या पैशातून रात्रपाळीची फाटके चालवली. बराच माल रात्रीकडे वळला, कारण भुर्दंड चालकाला बसला नाही; माल केव्हा उचलायचा हे ठरवणाऱ्याला बसला. पण एक दोषही उघड झाला. शुल्क संपण्याच्या वेळेआधी फाटकाबाहेर ट्रक रांगा लावून थांबू लागले, थेट आपल्या माणकोलीसारखे. २०१८ मध्ये ती पद्धत बदलून दिवस-रात्र समान शुल्क आणि प्रत्येक ट्रकला आगाऊ ठरवून दिलेली वेळ अशी रचना केली गेली. त्यातून घ्यायचा धडा हा की, सगळ्यांसाठी एकच मुभेची घटका ठेवली की झुंबड उडते. वेळ गाडीगणिक वाटून द्यावी लागते.

आपल्याकडे हे करायला लागणारी माहिती नाही, असे कोणी म्हणू नये. आंतरराज्य मालाला २०१८ पासून ई-वे बिल लागते. त्यात माल कुठून निघाला, कुठे चालला आणि कोणत्या क्रमांकाच्या गाडीतून, हे सारे असते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. उरणच्या बंदराने कंटेनरगाड्यांसाठी मध्यवर्ती वाहनतळही केला आहे. म्हणजे गाडी कुठे आहे हे सरकारला कळते. फक्त कर वसूल करताना ते आठवते आणि कोंडी सोडवताना विसरते. मोठ्या गोदामाला परवाना देताना आत किती गाड्या उभ्या राहतील आणि तासाला किती गाड्या सोडल्या जातील, याची अट घालणे अवघड नाही. ज्या गाडीला संध्याकाळी सातला घोडबंदर पार करता येणार नाही, ती पाचला गोदामाबाहेर पडायलाच नको.

यावर पहिला आक्षेप ट्रकवाल्यांच्या बाजूने येतो: रस्ता आधीपासून आहे, तुम्ही नंतर राहायला आलात, मग तक्रार कसली? यात तथ्य आहे, पण अर्धेच. घर घेणाऱ्याने रस्ता पाहिला होता हे खरे. मात्र कारखान्याच्या जमिनीवर मनोरे बांधायला परवानगी त्याने दिली नव्हती, ती शासनाने आणि महापालिकेने दिली आणि त्यासाठी विकास शुल्क घेतले. वस्ती वाढवायची पण त्याच रस्त्यावरची मालवाहतूक तशीच ठेवायची, हा निर्णय नियोजकांचा आहे. उलट रहिवाशांनीही एक गोष्ट मान्य करावी. दारात येणारे प्रत्येक पार्सल आणि भिंतीतली प्रत्येक वीट ट्रकनेच आली आहे. ट्रक हटवा म्हणणाऱ्याला तो नेमका कुठे जावा, हे सांगण्याची जबाबदारी टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वेळा वाटल्या तर भुर्दंड एक-दोन गाड्या असलेल्या छोट्या मालकावर पडेल, रात्रीच्या चढ-उतारासाठी माथाडी मिळणार नाहीत आणि चालकाची झोप जाईल. पण आजच्या बंदीत हे सगळे होतेच आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. महामार्गाच्या कडेला सहा तास उभ्या असलेल्या गाडीचा हप्ता थांबत नाही. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालूच राहते आणि ना स्वच्छतागृह, ना सावली. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ आठ तासांचा दिवस सांगतो, पण कडेला ताटकळणे त्या आठात कोण धरते? ठरलेली वेळ मिळाली तर चालकाला निदान झोपेचा आराखडा करता येईल. जादा खर्च मालाच्या धन्याने आणि गोदामचालकाने सोसावा, कारण घाई त्यांची आहे.

तिसरा आक्षेप आशावादी आहे: थोडे थांबा, नवे रस्ते येताहेत. येताहेत हे खरे. वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती महामार्ग विरार, भिवंडी, बदलापूरच्या बाजूने पनवेलजवळ मोरबेला उतरतो; तो पूर्ण वापरात आला की पारगामी ट्रकला ठाण्यात शिरण्याचे कारण उरणार नाही. समर्पित मालवाहू रेल्वेमार्गाचा बंदरापर्यंतचा वैतरणा-जेएनपीटी टप्पा मात्र सर्वांत मागे राहिला आणि सुमारे सव्वाशे किलोमीटरची विरार-अलिबाग मार्गिका भूसंपादनात वर्षे घालवत आली. शिवाय रस्ता झाला तरी तेवढे पुरत नाही. दिल्लीने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शहरात शिरणाऱ्या मालवाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क लावले आणि २०१८ मध्ये पूर्वेकडचा व पश्चिमेकडचा वळणमार्ग खुला झाला. शुल्क आणि पर्याय दोन्ही असले तरच पारगामी गाडी शहर सोडते. नुसता रस्ता बांधून ठेवला आणि टोल चुकवायला जुना मोकळा राहिला, तर गाडी जुन्यानेच जाईल.

आणि नवे रस्ते नेहमी भार घटवतातच असे नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) आराखड्यात खाडीवर तीन पूल आहेत: कोलशेत-काल्हेर, कासारवडवली-खारबाव आणि गायमुख-पायेगाव. बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी रस्ताही आहे. काल्हेरमध्ये राहणाऱ्या नोकरदाराला कोलशेतचा पूल वरदान ठरेल, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण काल्हेर हा गोदामांचाही पट्टा आहे. आज कशेळीला वळसा घालणारा ट्रक उद्या या पुलावरून थेट कोलशेतच्या मनोऱ्यांमध्ये उतरू शकतो. पूल झाल्यावर अवजड वाहनांना बंदी घालू, असे सांगणाऱ्यांनी घोडबंदरचा इतिहास पाहावा.

म्हणून कोलशेतच्या रहिवाशांनी आपली मागणी बदलावी. बंदीच्या तासांवर भांडण्यापेक्षा तीन गोष्टी आत्ताच लेखी मागाव्यात. पुलावरून उतरणारी अवजड वाहने वस्तीतल्या रस्त्याला न लागता खाडीकिनारी रस्त्याकडे वळतील, अशी जोडणी आराखड्यातच दाखवावी. भिवंडीच्या मोठ्या गोदामांना आतला वाहनतळ आणि गाडीगणिक वेळ ही परवान्याची अट करावी. आणि ठाणे, मीरा-भाईंदर, भिवंडी, वसई या चारही बाजूंच्या वाहतूक पोलिसांनी वळणमार्गाचा आदेश एकत्र बसून काढावा, म्हणजे एकाची सुटका दुसऱ्याची रात्र होणार नाही. यातली एकही गोष्ट नवा पैसा मागत नाही. मागते ती मालाच्या धन्याला आणि गोदामचालकाला जबाबदार धरण्याची तयारी. ट्रकचालकाला नाक्यावर अडवणे सोपे असते, म्हणून आजवर तेवढेच झाले आहे.