घर सोडलेल्या मुलांचे अठरानंतर काय?

घर सोडून आलेल्या मुलाला आपण आधी विचारतो, 'आईवडिलांशी भांडून आलास काय?' घरात मार बसतो का, हे विचारायला जीभ रेटत नाही. पेडणे-डिचोलीत सगळे एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे घरातले घरातच राहावे, असे शेजाऱ्यांनाही वाटते.

कायद्याच्या बाबतीत गोवा मागे नाही. गोवा बाल कायदा 2003 चा, म्हणजे पॉक्सोच्या 9 वर्षे आधीचा. बाल न्यायालय आहे, मेरशीला 'अपना घर' आहे. 18 वर्षांखालील मूल स्वतः 1098 वर फोन करू शकते, बाल कल्याण समितीपुढे स्वतः जाऊ शकते. असे मूल आपल्या दारी आले तर गुपचूप ठेवून घेऊ नये. 24 तासांत कळवणे बंधनकारक आहे.

खरी अडचण अठरानंतरची. बाल न्याय कायद्यातली पुढची मदत बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. थेट घरातून निघालेल्या 19 वर्षांच्या मुलाला ती मिळत नाही. मुलीला निदान 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार आहे, अगदी वडील किंवा भावाविरुद्धही; 181 हा क्रमांक त्यासाठीच. मुलाला पोलीस तक्रारीपलीकडे फारसा मार्ग नाही. मग तो मोरजी-हरमलच्या बाजूला राहण्या-जेवणासह मिळेल ते काम धरतो. काम सुटले की खोलीही सुटते, आणि कॉलेज तर आधीच सुटलेले असते.

त्यात कागदपत्रे घरच्या कपाटात. सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, त्याचे पुरावेही घरातूनच यायचे.

'गेलास तर वाटा विसर' ही धमकीही अनेकांना अडवते. पण गोव्याच्या वारसा कायद्यात आईवडिलांच्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा मुलामुलींसाठी राखीव असतो. कायद्यात दिलेली ठराविक कारणे सोडली तर तो काढून घेता येत नाही. रागाच्या भरात उच्चारलेल्या शब्दाने हक्क जात नाही, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

मंडळाच्या कुटुंबांना करता येण्यासारखे बरेच आहे. 18 पूर्ण झालेल्यांसाठी महिना-दोन महिन्यांची खोली, एका सत्राची फी, मामलेदार कार्यालयात सोबत जाणारा जाणता माणूस. विर्नोडा आणि साखळीच्या सरकारी महाविद्यालयांतील शिक्षकांशी ओळख ठेवली, तर मूल शिक्षण सोडण्याआधीच आपल्याला कळेल.

समेटाची घाई मात्र नको. चवथीला सगळे मूळ घरी जमतात, तेव्हा 'सणापुरता तरी ये' असा आग्रह होतो. ज्या घरातून जीव मुठीत धरून निघावे लागले, तिथे परत जायचे की नाही, हे त्या मुलाने ठरवावे. त्या दिवशी आपल्या पंगतीत त्याचे एक पान वाढावे.