शनिवारचा मान

शुक्रवारी, 11 सप्टेंबरला, सूर्य मावळला की ज्यू पंचांगातले 5787 हे वर्ष लागेल. तिश्री महिन्याची प्रतिपदा म्हणजे रोश हशाना. या सणाला सिनेगॉगमध्ये मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकतात. वर्षभराच्या वागण्याचा हिशेब मांडायला माणसाला जागे करणारा तो आवाज. यंदा मात्र पहिल्या दिवशी शोफार ऐकू येणार नाही. प्रतिपदा शनिवारी आली आहे आणि परंपरा पाळणारे ज्यू शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, शोफार फुंकत नाहीत. तो वाजेल दुसऱ्या दिवशी, रविवारी.

वर्षातून एकदा येणाऱ्या एवढ्या मोठ्या सणाने दर आठवड्याच्या शनिवारपुढे थांबावे, यातच या धर्माची ठेवण दिसते, असे आम्हाला वाटते.

ज्यूंचे पंचांग मराठी वाचकाला परके वाटू नये. महिने चांद्र, पण वल्हांडण हा सण वसंतातच यायला हवा, म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने. आपला अधिक महिना जागा बदलतो, त्यांचा ठरलेला: अदार. आपला अधिक ज्येष्ठ नुकताच होऊन गेला, त्यांचा जादा अदार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. गेल्या वर्षी रोश हशाना घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाला होता, यंदा तो गणेश चतुर्थीच्या तोंडावर आला आहे. आणखी एक नियम तर फारच बोलका आहे. रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊच द्यायचा नाही. गरज पडल्यास वर्षाची लांबी एक-दोन दिवसांनी कमी-जास्त करायची. बुधवार आणि शुक्रवार वर्ज्य, कारण मग योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, कडक उपास शब्बाथला लागून येतो. सलग दोन दिवस चूल पेटवता येत नाही, घरात कोणी गेले तर दफनही थांबते. चंद्राच्या गणितात स्वयंपाकघराची आणि मयताची सोय पाहणारे हे पंचांग आहे.

शनिवारच्या या मानाची सर्वांत मोठी कसोटी लागली ती आपल्या कोकणात. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यातल्या बेने इस्रायली ज्यूंजवळ कित्येक पिढ्या ना धर्मग्रंथ होता, ना रब्बी, ना पंचांग. हिब्रू विसरली, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. मुलाची सुंता आठव्या दिवशी, मासळी खवल्यांची आणि परांचीच, आणि शनिवारी घाणा बंद. तेल गाळणे हा पोटाचा धंदा. गिऱ्हाईक शनिवारीही दारात येणारच. तरी बैल जुंपला नाही. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि तीच त्यांची ओळख ठरली. सणांना त्यांनी मराठी नावे दिली: वर्षारंभ तो नव्याचा सण, पुढे खिरीचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. दारे लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास करायचा आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दानधर्म करून नात्यागोत्यात भेटायला जायचे. पुढे 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, मराठीत प्रार्थनेची पुस्तके छापली गेली, तारखा जगभरच्या ज्यूंशी जुळल्या. पण तोवर समाज टिकवला तो बंद घाण्याने. विद्वत्तेला त्याचे श्रेय देता येणार नाही.

आज बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलमध्ये आहेत. मुंबई, ठाणे, पुणे, रायगड इथे उरलेले थोडे. महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे योग्यच झाले. पण शनिवार पाळणाऱ्या मुलाची परीक्षा शनिवारीच येते तेव्हा तो कागद त्याच्या उपयोगी पडत नाही. परीक्षा मंडळांनी अशा विद्यार्थ्यांना पर्यायी दिवस द्यावा; संख्या इतकी लहान आहे की अडचण सांगायला जागा नाही.

यंदा योम किप्पूर रविवारी, 20 सप्टेंबरला संध्याकाळी लागतो. त्याच वेळी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर सात दिवसांच्या गणपतींच्या मिरवणुका असतील. उपासाला सिनेगॉगकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना वाट मोकळी मिळेल एवढे मंडळांनी आणि पोलिसांनी पाहावे. आणि सोमवारी, 21 तारखेला, कोणी ज्यू सहकारी रजा मागेल, तर ती कारण न विचारता मंजूर व्हावी.