ड्रायव्हरच नाही, मग पावती कुणाच्या नावावर फाडायची?

सप्टेंबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो शहरात पोलिसांनी नाकाबंदी लावली होती, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला. त्यांच्या डोळ्यांदेखत एका गाडीने चुकीचा यू-टर्न मारला. गाडी थांबवून आत बघतात तर कुणीच नाही. ती वेमो कंपनीची विनाचालक टॅक्सी होती. पोलिसांनी कंपनीला कळवलं आणि गाडी सोडून दिली. आमच्या पावती-पुस्तकात 'रोबो'साठी रकानाच नाही, असं त्यांनी स्वतःच सोशल मीडियावर लिहिलं.

बातमी गंमत म्हणून फिरली, पण यातला पेच आपल्याकडेही जसाच्या तसा आहे. आपला मोटार वाहन कायदा 1988 चा आणि तो 'चालक' नावाच्या माणसावर उभा आहे. कलम 119 प्रमाणे वाहतूक पोलिसाच्या सूचना पाळायच्या त्या चालकाने. कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं चालकाने. अपघात झाला तर जखमीला उपचार मिळतील हे बघायचं, तेही कलम 134 प्रमाणे आधी चालकानेच. सीटवरून माणूस उठवला की ही कलमं बोलणार कुणाशी?

तुम्ही म्हणाल, कॅमेरा आहे की! पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर पोलीस कुठे हात दाखवतो, ई-चलन थेट मोबाईलवर येतं. खरंय, पण ते नंबरप्लेटवरून मालकाला जातं, आणि गाडी कोण चालवत होतं ते मालकाने सांगावं असं कलम 133 म्हणतं. इथे मालक काय सांगणार? गाडी त्याची, पण निर्णय कंपनीच्या सॉफ्टवेअरचा, आणि तेही कदाचित काल रात्रीच अपडेट झालेलं.

मी रोज कोड लिहितो, म्हणून मला इथे सगळ्यात मोठा फरक दिसतो. एका ड्रायव्हरने सिग्नल तोडला तर ती त्याची चूक. सॉफ्टवेअरने तोडला तर त्याच व्हर्जनची प्रत्येक गाडी तशाच परिस्थितीत तोडू शकते. एका नंबरप्लेटला दंड करून त्यात काय सुधारणार? नोटीस बनवणाऱ्याला गेली पाहिजे, आणि लॉग तपासायला सरकारला मिळाले पाहिजेत.

लॉग का, ते क्रूझच्या प्रकरणात दिसलं. 2 ऑक्टोबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोत एका महिलेला दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि ती क्रूझच्या विनाचालक गाडीपुढे पडली. गाडीची धडक बसली, ती थांबली आणि मग 'सुरक्षित' जागी जायचं म्हणून कडेला सरकली. बाई खालीच होती, सुमारे 20 फूट फरफटत गेली. पुढे हा फरफटीचा भाग नियामकांपासून दडवल्याचा आरोप झाला, 24 ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला, आणि 2024 मध्ये खोटा अहवाल दिल्याचं मान्य करून कंपनीने 5 लाख डॉलर दंड भरला.

कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये नवा कायदा केला, त्याच्या अंमलाची तारीख 1 जुलै 2026. पोलीस थेट उत्पादक कंपनीला नियमभंगाची नोटीस देऊ शकतात (नोटीस म्हणजे दंड नव्हे, ही त्यातली पळवाटच म्हणा). गाडीतून कंपनीच्या माणसाशी बोलायची सोय हवी. आणि आपत्कालीन यंत्रणेने एखादा भाग बंद केला तर कंपनीने 2 मिनिटांत आपल्या गाड्यांना तिथून निघायला किंवा तो भाग टाळायला सांगायचं.

हे शेवटचं मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण मी दौंडचा. आषाढीला तुकोबांची पालखी सोलापूर हायवेने येते, यवत आणि वरवंडला मुक्काम करते. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते. कुठे पोलीस हात दाखवतो, कुठे होमगार्ड, कुठे गावातलं पोरगं शिट्टी वाजवून ट्रक अडवतं, आणि सगळे ऐकतात. कुणाचं ऐकायचं हे माणसाला कळतं. यंत्राला ते कोण शिकवणार? ऊसाच्या हंगामात टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या रात्री चालतात, तो तर वेगळाच विषय.

'विनाचालक गाड्या इथे येणारच नाहीत' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. नितीन गडकरींनी 2017 पासून तसं सांगितलंय, 2023 मध्ये नागपुरात पुन्हा सांगितलं, ड्रायव्हरांच्या रोजगाराचं कारण देऊन. ती काळजी खोटी नाही. पण चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही700 मध्ये आजच लेन सांभाळणारं, स्वतः ब्रेक मारणारं तंत्र आहे. तिथे जबाबदार चालकच, एवढं तरी स्पष्ट आहे. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 2ब आलंय: संशोधन आणि नवकल्पनांसाठी केंद्र सरकार काही वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकतं. म्हणजे दार बंद आहे, पण किल्ली दिल्लीत आहे. उद्या सूट दिली आणि अटींमध्ये पोलिसांना द्यायचा संपर्क, लॉग आणि रस्ता बंदीचा आदेश यांचा उल्लेख नसला, तर चौफुल्यावर हात दाखवणार पुणे ग्रामीणचा पोलीस, आणि ती परवानगी देताना त्याला कुणी विचारलेलंही नसेल.